वरसाव्याच्या वळणावरचं रानडुक्कर

१

गाडीची पुढची काच डावीकडे फुटली होती, आणि आत्माराम घागच्या कपाळाला आठी पडली ती त्या काचेपायी.

बाकी सगळं ठीक होतं. डावा हेडलाइट गेलेला, बंपर तुटून लोंबतोय, बॉनेट चेपलेलं. काशीमिऱ्याच्या त्या गॅरेजात याहून वाईट अवस्थेतल्या गाड्या रोज येत. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायच्या, हा आत्मारामचा धंदा. या गाडीचे मालक दत्ताराम बने, राहणार नवघर. चालवत होता त्यांचा मुलगा कौस्तुभ. मंगळवारी दिवेलागणीला, भर पावसात, ठाण्याहून परतताना वरसाव्याच्या वळणावर जंगलाच्या बाजूनं रानडुक्कर आडवं आलं, असं दाव्यात म्हटलं होतं. येतातही. रस्ताच जंगलाच्या कुशीतून गेलाय, त्यात डुकरांचा काय दोष?

पण डुक्कर म्हणजे बुटकं आणि जड जनावर. धडक बसली की ते बंपरखाली जातं आणि गाडीचं पोट फाडतं. इथे पोटाला ओरखडा नव्हता. जे काही आडवं आलं होतं ते बॉनेटवर चढून काचेवर आदळलं होतं.

"सूरज, केस मिळाले का कुठे? रक्त वगैरे?"

"काय नाय साहेब." गॅरेजवाला सूरज हात पुसत म्हणाला. "गाडी आली तीच धुतलेली. एकदम चकाचक. ठोकलेली गाडी कोण धुतो, सांगा? मला पण जरा ऑड वाटलं."

आत्माराम आत बसायला गेला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती.

"सीट तू हलवलीस?"

"आईशपथ नाही. गाडी टो करून आणली, अंदर कोणी बसलाच नाही."

कौस्तुभ बने गाडी दाखवायला आला होता तेव्हा आत्मारामनं त्याला पाहिलं होतं. ताडमाड माणूस. तो या सीटवर मावलाच नसता. म्हणजे इथेही खोटंच. आत्मारामला खोट्याचा आता राग येत नसे, नुसता कंटाळा येई. त्याच्याशी खरं बोलणारा माणूस त्याला कधी भेटला होता, हे त्याला आठवतही नव्हतं. बायको गेल्यापासून घरीही बोलायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे दिवसभरात कानावर पडे ते सगळं असलंच.

नाक्यावरच्या टपरीवर हवालदार बाबाजी चहा पीत उभा होता. नवघर गावातला जुना माणूस, आत्मारामचा रोजचा चहाचा सोबती.

"वरसाव्याला काय काम काढलंस?" त्याच्या काखेतल्या दाव्याच्या कागदावर नजर टाकत बाबाजीनं विचारलं. "आमचा पन एक तिथंच अडकलाय. बुधवारी सकाळी वळणाच्या खालती पोरगा गावला. मेलेला. खिशात काय न्हाय, मोबाईल न्हाय. अंगात काळा रेनकोट. आठवडा होत आला, कोन विचारायला आला न्हाय. या बुधवारपर्यंत बघायचा, न्हायतर बेवारस म्हनून आमीच आग लावायची."

आत्मारामच्या हातातला चहा तसाच राहिला. मंगळवारची संध्याकाळ, तेच वळण.

"गाडीनं उडवलाय?"

"तसाच हाय. पन एक गोष्ट डोक्यातनं जात न्हाय बघ." बाबाजीनं ग्लास खाली ठेवला. "ठोकून गेला तो गेला. पन जाताना त्याचं डोळं मिटवून गेला, हात जोडून छातीवर ठेवून गेला. आसा कोन करतो?"

२

नवघरमध्ये जुन्या गावाला लागून ज्या नव्या इमारती उठल्यात, त्यातल्या एकीत बने राहत. दार दत्तारामांनीच उघडलं. ठेंगणे, टापटिपीचे, डोळ्याला हिरवा चष्मा. आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला आणि दुसऱ्याची टाचणीही घरी न आणलेला माणूस. ते त्यांनी आत्मारामला बसायच्या आत सांगूनही टाकलं.

"कौस्तुभ म्हणत होता, क्लेम नको, राहू दे. मी म्हटलं, का राहू दे? खरं घडलंय ना? मग लपवायचं काय? मीच भरला क्लेम."

आतून अनसूयाबाई आल्या आणि दारातच घुटमळल्या.

"भाऊ, चहा विचारायचा तर पंचाईत आहे. आमच्याकडे सुतक आहे. गावाला चुलत सासरे गेले. तुम्हाला चालत असेल तर..."

"चालेल की वहिनी," आत्माराम म्हणाला. कोपऱ्यातल्या देवघरावर पंचा टाकलेला होता.

त्यानं डुकराचं विचारलं आणि दत्तारामांची कळी खुलली. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं होतं, ठाण्याच्या डॉक्टरनं त्या दिवशी शाबासकी दिली होती. कौस्तुभही खुशीत होता. वळणावर पाऊस वाढला आणि एकदम डावीकडून ते आलं.

"केवढं होतं?"

"मोठंच. काळंभोर. आणि पाठीवर पांढरा पट्टा. दिव्यात चमकला तो पट्टा, तेवढंच दिसलं मला."

आत्मारामचं पेन जरा थबकलं. पण डोळ्याचा पेशंट आणि पाऊस, असं म्हणून त्यानं पुढे विचारलं, "मग?"

"कौस्तुभ म्हणाला, बाबा तुम्ही बसा, डोळ्यात पाणी जाईल. उतरला. बराच वेळ आलाच नाही. आला तो चिंब भिजलेला, थरथरत. म्हणाला, मेलं. बाजूला ओढून ठेवलं. रडला हो तो माझ्यासमोर. लहानपणापासून असाच आहे, मुक्या जिवाचं त्याला सोसत नाही."

तेवढ्यात लॅच उघडून कौस्तुभ आत आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आत्मारामला पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

"मी विचारत होतो," आत्माराम सहज म्हणाला, "त्या डुकराचं पुढे काय झालं?"

"पळालं," कौस्तुभ म्हणाला. "जंगलात पळून गेलं."

दत्ताराम मुलाकडे बघत राहिले. कौस्तुभच्या लक्षात आलं, पण तोवर शब्द गेला होता. अनसूयाबाईंनी चहाचा कप ठेवला आणि आपल्याच तंद्रीत म्हणाल्या, "जाऊ दे ते डुक्कर. कौस्तुभ, चंदनचा फोन लागला का रे? रविवारचा फोन चुकवत नाही तो कधी. काल आलाच नाही."

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही, सांगितलंय ना?" दत्ताराम कडाडले. "बाटली सोडेन तेव्हाच तोंड दाखवीन म्हणाला होता. अजून दिसलं नाही मला ते तोंड."

कौस्तुभ मोरीत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला.

३

आत्माराम जिना उतरला तर पार्किंगमध्ये कौस्तुभची बायको स्वप्नाली वाट बघत उभी. ऑफिसची बॅग खांद्याला तशीच. बोलायचं ठरवून आलेली दिसत होती.

"साहेब, तुम्हाला कळलंच असेल. गाडी बाबा चालवत होते."

"सीट सांगतेय ते."

"बाबांचं लायसन्स संपलंय. डॉक्टरनं डोळा चांगला आहे म्हटल्यावर खूश झाले आणि म्हणाले, जरा चालवू दे. यांनी किल्ली दिली. डुक्कर आलं, ठोकलं. घरापर्यंतही बाबांनीच आणली, हे चालवायच्या अवस्थेत नव्हते. म्हणून यांनी चालवणारा म्हणून स्वतःचं नाव सांगितलं. बाबांना तेवढंही खोटं सहन होत नाहीये, रोज मला म्हणतात, सांगून टाकू या का? बास, एवढंच आहे. क्लेम रद्द करा, पण पोलिसात नका जाऊ."

सगळं जागच्या जागी बसत होतं. म्हातारा गाडी चालवतो, मुलगा पांघरूण घालतो. आत्मारामला वाटलं, असंच असू दे. इथेच संपू दे. पण काच डुकराची नव्हती आणि वळणाखाली एक पोरगा हात जोडून पडला होता. त्या पोराला नाव नव्हतं, आणि दिवस संपत आले होते.

"मिस्टर फार खचलेले दिसतात," तो म्हणाला.

स्वप्नालीचा बांध फुटला. "काय झालंय तेच कळत नाहीये हो! जेवत नाहीत, खाली चटईवर झोपतात. आणि हे सुतक! यांनी आयुष्यात कधी सुतक पाळलं नाही. माझी सख्खी आत्या गेली तेव्हा हे मॅच बघायला गेले होते, अजून टोमणे मारते मी. आता कोण कुठले चुलत आजोबा, ज्यांना यांनी पाहिलंही नाही, त्यांच्यासाठी दाढी करत नाहीत, देवाला हात लावत नाहीत."

"बातमी कुणी दिली?"

"गावाहून यांनाच फोन आला म्हणे. बाबांना नाही आला. बाबा म्हणाले, जाऊन येऊ, तर यांनी पावसाचं निमित्त काढून थांबवलं. गावाला फोनही करू दिला नाही."

"कधी आला तो फोन?"

ती आठवायला लागली. "त्याच दिवशी. मंगळवारीच. गाडी ठोकून आले ना, दारातनं आत यायच्या आधी म्हणाले, पाणी गरम करा, आंघोळ करायचीय. सुतक आलंय."

आत्माराम खांबाला टेकला. देवाधर्माशी काही देणंघेणं नसलेला माणूस वरसाव्याला उतरून अंधारात काहीतरी बघून येतो, आणि त्या घटकेपासून दाढी सोडतो, देव झाकतो, जमिनीवर निजतो. पोलिसांपासून लपवलं, विम्याशी खोटं बोलला, बापाशी बोलला. तिथे मात्र त्याला खोटं वागता आलं नाही.

डुकराचं सुतक कुणी धरत नाही.

४

मंगळवारी दुपारी आत्मारामनं कौस्तुभला मिठागराच्या बांधावर बोलावलं. पाऊस उघडला होता. सगळीकडे मळकं पाणी साचलेलं, पलीकडे इमारतींची रांग. कौस्तुभ आला आणि शेजारी बसला.

"मी सांगतो," आत्माराम म्हणाला, "चुकलं तर सांगा. काच डुकरानं फुटलेली नाही. सीट तुमची नाही, बाबांची आहे. बाबांना तुम्ही म्हणालात मेलं, मला म्हणालात पळालं. मेलं म्हणालात कारण तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर मेलेलंच होतं. मला पळालं म्हणालात, कारण मेलेलं डुक्कर कुठाय म्हणून कुणीतरी वळणाखाली बघायला गेलं असतं. गाडी तुम्ही धुतलीत. हे कुणीही घाबरून करेल. पण परक्या माणसाचे डोळे मिटवायला कुणी चिखलात बसत नाही. परक्याचं सुतक कुणी घरी आणत नाही."

कौस्तुभ समोरच्या पाण्याकडे बघत होता.

"आणि तुमच्या घरचा एकच माणूस असा आहे, ज्याचा फोन लागत नाही."

"त्याचा मोबाईल मी खाडीत टाकला," कौस्तुभ म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "आईचे फोन येत होते त्याच्यावर."

मग तो थांबला नाही. त्याचा भाऊ चंदन वरसाव्याच्या एका हॉटेलात कामाला होता. तिथली पोरं न सांगता काम सोडतात, म्हणून कुणी शोधही घेतला नव्हता. दारू सोडून बरेच महिने झाले होते त्याला. बापाला तोंड दाखवायला मात्र घाबरत होता. बाबांचं ऑपरेशन झालंय, दिसायला लागलंय, तर आता ये, असं कौस्तुभनंच त्याला सांगितलं. घरी एकदम नको, वळणावर थांब, आम्ही ठाण्याहून येताना गाडी थांबवतो, पावसात बाबा तुला नाही म्हणणार नाहीत. म्हणून तर कौस्तुभ त्या दिवशी इतका खुशीत होता. म्हणून तर बाबांनी किल्ली मागितल्यावर दिली.

"त्यानं गाडी ओळखली, घागसाहेब. हात दाखवत पुढे आला, गाडी थांबेना म्हणून मागे वळला, तोवर उशीर झाला होता. त्याला काय माहीत, आत कोण चालवतंय."

"जिवंत होता?"

"नाही." कौस्तुभनं मान हलवली. "नाडी बघितली, छातीला कान लावला. नव्हता. असता तर मी काहीही केलं असतं. वर बाबा काच खाली करून विचारत होते, काय रे, काय होतं? तोंडातून डुक्कर निघालं. त्यानंतर मागे फिरताच येईना. त्यांना कळलं तर ते राहणार नाहीत. त्यानं तोंड दाखवलं नाही म्हणून ते आजही शिव्या घालतात. त्यांना काय सांगू? दाखवायलाच आला होता म्हणून?"

आत्मारामला त्याच्यावर रागावता येईना. रागावायला हवं होतं. ज्या पोराला सख्खा भाऊ आहे, आईबाप आहेत, तो शवागारात पायाला नंबर बांधून पडला होता, आणि इकडे त्याची आई फोनकडे बघत बसली होती.

"उद्या त्याला बेवारस म्हणून जाळतील," तो म्हणाला.

"माहितीय. रोज त्या दवाखान्याच्या गेटपर्यंत जातो. आत जाता येत नाही. ओळख पटवली की पुढचं सगळं निघणार."

"आज माझ्याबरोबर चला. भाऊ हरवलाय म्हणून विचारायला आलो, एवढंच बाबाजीला सांगा. गाडीचं मी माझ्यापाशी ठेवतो." हे बोलताना आत्मारामला आपलाच आवाज परका वाटला. लोकांचं खोटं पकडून ज्यानं आजवर पोट भरलं, तो आज खोट्यात भागीदार होत होता. पण पोराला त्याचं नाव मिळायला हवं होतं. त्याच्यापुढे बाकीचं सगळं थांबलं तरी चाललं असतं.

कौस्तुभ उठला आणि बांधावरून चालू लागला. आत्माराम त्याच्या मागोमाग निघाला.

५

बुधवारी भाईंदरच्या स्मशानात मोजकी माणसं होती. अनसूयाबाईंना काल रात्रीच एवढं सांगितलं होतं, की कुठल्याशा गाडीनं चंदनला उडवलं. तेव्हापासून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. स्वप्नाली त्यांच्यापाशी थांबली होती.

दत्ताराम ताठ उभे होते. रडले नाहीत. एकदाच आत्मारामला म्हणाले, "मी त्याला फार बोललो हो. बोलायला नको होतं इतकं." मग गळ्यातलं उपरणं सारखं करत ठाम आवाजात गुरुजींना सांगितलं, "अग्नी मी देणार. बाप आहे मी. एवढं तरी त्याचं माझ्या हातून होऊ दे."

बाबाजी मागून आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती.

"काका, पोराच्या अंगावरचे कपडे. घरच्यांच्या ताब्यात द्यायला लागतात."

कौस्तुभ झटकन पुढे झाला. "माझ्याकडे द्या."

पण पिशवी दत्तारामांनी घेतली होती. त्यांनी ती उघडली आणि आतला रेनकोट बाहेर काढला. काळा, चिखलानं भरलेला. हॉटेलवाले पार्किंगला गाड्या लावून देणाऱ्या पोरांना देतात तसला. त्यांनी तो झटकला, उलटा केला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

रेनकोटच्या पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, गाडीच्या दिव्यात चमकणारा पांढरा पट्टा शिवलेला होता.

लाकडं रचणारा माणूस हात झाडत बाजूला उभा राहिला. दत्तारामांनी डोळ्यांवरचा हिरवा चष्मा काढला. बोटानं तो पट्टा चाचपला. मग वर बघून, कचेरीत एखादा नियम विचारावा तसं, त्यांनी विचारलं,

"घागसाहेब, तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात आहात. रानडुकराच्या पाठीवर पांढरा पट्टा असतो का हो?"

कौस्तुभ आत्मारामकडे बघत होता.

"असतो, काका," आत्माराम म्हणाला. "एखाद्याला असतो."

दत्ताराम त्याच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता, उलट थोडी दयाच होती. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याची वाढलेली दाढी पाहिली, खोल गेलेले डोळे पाहिले. एवढे दिवस हा चटईवर का निजत होता, आणि गावच्या चुलत आजोबांसाठी देव झाकून का बसला होता, ते त्यांना आत्ता, इथे, एकेक करून उमगत असावं.

त्यांनी रेनकोटची घडी घातली. आधी बाह्या आत, मग मधून एकदा, शाळेत जाणाऱ्या पोराच्या दप्तरात ठेवायची असते तशी. घडी छातीशी धरून ते दोन पावलं मागे सरकले. गुरुजींनी पेटता पलिता पुढे केला, तेव्हा त्यांनी तो घेतला नाही.

"कौस्तुभ, तू दे अग्नी."

"बाबा..."

"तू दे. माझा हात नको आता त्याला लागायला."

कौस्तुभच्या हातात पलिता राहीना. शेवटी आत्मारामनं खालून त्याच्या मनगटाला आधार दिला आणि दोघांनी मिळून चिता पेटवली. ओली लाकडं धुमसत राहिली, धूर डोळ्यांत जायला लागला. दत्ताराम नव्या डोळ्यानं, पापणी न मिटता बघत होते.

ज्वाळा वर आल्यावर ते बाबाजीकडे वळले. "हवालदारसाहेब, दुपारी मी येतो तुमच्याकडे. मला काही लिहून द्यायचंय."

बाबाजीनं काही न समजून आत्मारामकडे पाहिलं. आत्मारामनं मान खाली घातली.

"दुपारी कशाला काका, सावकास या," बाबाजी म्हणाला.

"नाही, आजच." दत्तारामांनी रेनकोटची घडी काखेत धरली आणि कौस्तुभच्या खांद्यावर हात ठेवला. "पण आधी घरी चल. तुझ्या आईला अजून वाटतंय, कुठल्यातरी परक्या गाडीनं उडवलं त्याला. तिला मीच सांगतो."